घरबांधणी शंका-समाधान : आग अडवणारी बोर्डाची भिंत

प्रश्न : गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या आहेत. मधली भिंत 10 फूट रुंद, 9 फूट उंच. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला मुलांची झोपायची खोली. विटा चढवायच्या नाहीत. दुकानदार पीव्हीसी पॅनेल आणि 8 मिमी सिमेंट बोर्ड दोन्ही ‘फायरप्रूफ’ म्हणून दाखवतो. काय घ्यावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : गच्चीवर विटा नकोत, हे बरोबरच; 1993च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरकरांना ते वेगळे सांगायला नको. पण पीव्हीसी आधी बाद करा. ते आगीत मऊ पडून गळते आणि धुरात हायड्रोजन क्लोराइड सोडते. झोपलेल्या मुलांना ज्वाळेआधी धूर गाठतो. सिमेंट बोर्ड जळत नाही, मात्र एवढा पातळ थर उष्णता भराभर पलीकडे पोचवतो आणि आगीत तडकतोही.

तुम्ही 15 मिमीचा अग्निरोधक जिप्सम बोर्ड घ्या. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण 21 टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेले असते. ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत भिंतीची मागची बाजू फार तापत नाही. त्यानंतर साधा बोर्ड भुगा होऊन गळून पडतो. अग्निरोधक बोर्डात काचतंतू असतात, ते गाभा धरून ठेवतात. रंग बहुधा गुलाबी असतो, पण तेवढ्यावर भुलू नका. तुकडा मोडून तंतू पाहा आणि चाचणीचा अहवाल मागा. तो नुसत्या बोर्डाचा नको, अख्ख्या भिंतीचा हवा: स्टड (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसवतात तो पत्र्याचा उभा खांब) कोणता, थर किती, दोन्ही बाजूंच्या बोर्डांमधल्या पोकळीत काय भरले. मग त्यात लिहिले आहे तसेच बांधायचे.

तुमच्या भिंतीला दोन्ही बाजूंना एकेक थर धरला तर 4 × 6 फुटांचे 8 बोर्ड लागतील. तुटफूट धरून 9 आणा. स्टड 2-2 फुटांवर, म्हणजे 6. या उंचीला 48 मिमीचा स्टड हलतो, 70 मिमीचा बरा. बोर्डांच्या आडव्या सांध्यामागे चॅनेलचा (पत्र्याच्या पन्हळीसारख्या पट्टीचा) तुकडा हवाच. स्क्रू 25 मिमीचे, 300 मिमी अंतरावर. डोके बोर्डावरचा कागद फाडून आत गेले तर त्या स्क्रूची पकड गेली. पोकळीत रॉकवूल (दगडापासून बनवलेली, न जळणारी लोकर) भरा, थर्मोकोल अजिबात नको. सांध्यांना टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड (सांधे भरायचा खास लगदा). नुसती पुट्टी तडकते.

भिंत फसते ती भोकांपाशी. दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले की प्लास्टिकचा डबा वितळून आरपार खिडकी होते. ते वेगवेगळ्या स्टडच्या गाळ्यांत ठेवा. पाइपभोवतीची फट उष्णतेने फुगणाऱ्या सीलंटने भरा.

वरची कड पत्र्याला टेकवू नका. जिप्सम सतत 50 अंशांच्या वर राहिला तर त्यातले पाणी हळूहळू उडते, आणि आपला मे महिना माहीतच आहे. पण फट उघडी ठेवलीत तर आग तिथूनच पलीकडे जाईल; रॉकवूल दाबून ठासा. खाली 10 मिमी जागा सोडून सीलंट भरा, नाहीतर फरशी धुताना कागद पाणी ओढतो.

प्रश्न : शेगडीमागे प्लायची भिंत आहे. त्यावरच हा बोर्ड चिकटवला तर चालेल का?
— एक वाचिका, जालना

उत्तर : नाही. रोजच्या उष्णतेने आतला प्लाय हळूहळू करपत राहतो आणि बोर्डाआड ते दिसतही नाही. शेगडीमागचा प्लाय काढा, लोखंडी स्टडवर कॅल्शियम सिलिकेट बोर्ड (न जळणारा बोर्ड) लावा आणि वर टाइल बसवा.