'सामरिक', 'व्यूहात्मक' की 'धोरणात्मक'?

प्रश्न असा आला आहे: "भारत आणि ब्राझील यांच्या संबंधांबद्दल वाचताना एका ठिकाणी 'सामरिक भागीदारी', दुसरीकडे 'व्यूहात्मक भागीदारी' आणि तिसरीकडे 'धोरणात्मक भागीदारी' असं दिसलं. तिन्ही एकाच गोष्टीची नावं आहेत का? आणि 'कूटनीती' हा शब्द मराठीत चालतो का?"

गोष्ट एकच आहे. 2006 साली या दोन देशांनी आपल्या संबंधांना 'स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप' असा दर्जा दिला. मराठीत त्याची तीन भाषांतरं झाली आणि तिन्ही छापली जातात. माझ्या मते त्यातलं 'सामरिक' इथे चुकीचं आहे.

'समर' म्हणजे युद्ध, आणि सामरिक म्हणजे युद्धासंबंधीचं. मूळ शब्दाची कुळीही तीच आहे. ग्रीक भाषेत 'स्ट्रॅटेगोस' म्हणजे सेनापती, त्यामुळे पहिल्या भाषांतरकारानं 'सामरिक' लिहिलं त्यात त्याचा दोष नाही. पण युरोपीय भाषांत हा शब्द रणांगण सोडून कधीच बाहेर पडला आणि व्यापारात, शेतीत, आरोग्यात रुळला. आपला 'सामरिक' मात्र अजून रणांगणावरच उभा आहे. मध्यंतरी एका अनुवादाची तपासणी माझ्याकडे आली होती. त्यात वाक्य होतं, 'दोन्ही देशांच्या सामरिक भागीदारीत पशुसंवर्धनाला विशेष स्थान आहे.' शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीनं ते वाचलं आणि विचारलं, "सर, गायींचा युद्धाशी काय संबंध?" तिचं बरोबर होतं. वाक्यातली माहिती खरी होती, कारण आपली गीर ब्राझीलमध्ये जाऊन तिथली नावाजलेली दुभती गाय झाली आहे आणि आंध्रची ओंगोल तिथे नेल्लोरवरून 'नेलोर' म्हणून ओळखली जाते. पण एका शब्दानं सगळ्या वाक्याचा अर्थ फिरवला होता.

याची एक साधी कसोटी मी वापरतो. 'सामरिक'च्या जागी 'लष्करी' घालून वाक्य वाचावं. अर्थ तसाच राहिला तर 'सामरिक' ठेवावं. आपल्या हवाई दलाचं 'नेत्र' हे टेहळणी विमान घ्या. त्याचं रडार डीआरडीओनं बनवलं आहे आणि खालचं विमान ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचं आहे. हे सहकार्य नि:संशय सामरिक. पण तिकडून सोयाबीन तेल येतं, इकडून औषधं जातात, 2023 मध्ये दिल्लीत जागतिक जैवइंधन आघाडी सुरू झाली तेव्हा दोन्ही देश तिच्यात होते, सुरक्षा परिषदेत कायम जागा मिळावी म्हणून जर्मनी आणि जपानला सोबत घेऊन दोघं एकमेकांना पाठिंबा देतात. यातल्या कशालाही 'लष्करी' म्हणता येत नाही.

मग 'धोरणात्मक'? मला 'धोरण' हा शब्द फार प्रिय आहे. "जरा धोरणानं घे" असं आई सांगायची तेव्हा तिला पुढचं बघून, माणसं न दुखावता, आपलं काम साधायला सांगायचं असे. स्ट्रॅटेजीचा याहून नेमका मराठी अर्थ मला माहीत नाही. अडचण सरकारी मराठीमुळे झाली. तिनं 'धोरण' हा शब्द 'पॉलिसी'साठी घेतला आणि तो आता तिथे पक्का बसला आहे: शैक्षणिक धोरण, पतधोरण, धोरणात्मक निर्णय. त्यामुळे 'दोन्ही देशांत धोरणात्मक चर्चा झाली' असं वाचलं की कुठल्या तरी नियमावर चर्चा झाली की दूरवरच्या डावपेचांवर, हे कळायला मार्ग नाही.

राहिला 'व्यूहात्मक'. हाही मूळचा युद्धातलाच, चक्रव्यूह सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'व्यूह' या शब्दाच्या पोटात लढाई नाही, मांडणी आहे. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाची पाठ कोणी राखायची, याची योजना म्हणजे व्यूह. एकमेकांपासून इतक्या दूरच्या देशांची भागीदारी नेमकी अशीच असते. सीमा लागून नाही, त्यामुळे सीमेचा तंटा नाही, पाण्याचा वाद नाही. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं. अशा दोघांना जगाच्या पटावर एकमेकांना पूरक जागा धरायच्या असतात. 2003 मध्ये भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी ब्राझिलियात 'इब्सा' हा गट उभा केला; तीन खंडांतल्या तीन लोकशाही देशांची ती मांडणीच होती. म्हणून कराराचं नाव म्हणून मी 'व्यूहात्मक भागीदारी' लिहितो. बोलताना जड वाटलं तर 'दीर्घ पल्ल्याची भागीदारी' म्हणावं, अर्थ सांडत नाही.

मात्र इंग्रजीतल्या एका शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द हवा हा हट्ट इथे सोडावा लागतो. जागेबद्दल बोलायचं असेल तर आपल्याकडे 'मोक्याचा' हा सुरेख शब्द आहे. मोक्याचं बंदर, मोक्याची खिंड. त्याला 'सामरिकदृष्ट्या महत्त्वाचं ठिकाण' म्हणून लांबवण्याचं कारण नाही. खनिजांचंही तेच. 2024 च्या जानेवारीत भारताच्या 'काबिल' या सरकारी कंपनीनं अर्जेंटिनातल्या काटामार्का प्रांतात लिथियम शोधण्याचा करार केला. हे लिथियम मुख्यतः बॅटऱ्यांसाठी लागतं. त्याला 'सामरिक खनिज' म्हटलं की वाचकाला ते तोफगोळ्यांसाठी असावं असं वाटतं. 'मोक्याची खनिजं' लिहून पाहा, लगेच कळतं.

आता 'कूटनीती'. हिंदीत तो डिप्लोमसीसाठी सर्रास आणि सन्मानानं वापरतात. मराठी कानाला मात्र 'कूट' म्हटलं की कूटप्रश्न आठवतो, कूटकारस्थान आठवतं. 'भारताची ब्राझीलशी कूटनीती' असं लिहिलं तर आपण त्यांच्याविरुद्ध काही रचत आहोत असं वाटेल. आपला शब्द 'मुत्सद्देगिरी', आणि शास्त्र म्हणून बोलायचं तर 'राजनय'. 'मुत्सद्दी' अरबीतून फारसीमार्गे आला. मुघल काळात सुरत बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत. परदेशी व्यापाऱ्यांशी रोज बोलणी करणाऱ्या माणसाचं हे पदनाम, आणि मराठीत त्याच शब्दाचा अर्थ वाटाघाटीत मुरलेला माणूस. दूरच्या व्यापारी देशांबद्दल लिहिताना याहून योग्य शब्द कुठून आणणार?

ब्राझीलचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. 'काजू' आणि 'अननस' हे आपले दोन्ही शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी-ग्वारानी भाषांतले. पोर्तुगिजांबरोबर ते जहाजानं इकडे आले, फळं आणि नावं दोन्ही. गोव्याच्या आणि कोकणच्या डोंगरांवर काजू असा रुजला की तो परका आहे असं कोणाला वाटतही नाही.

तर तुम्ही पाठवलेलं वाक्य, 'भारत व ब्राझीलची सामरिक भागीदारी कूटनीतीच्या नव्या टप्प्यावर', मी असं लिहीन: 'भारत आणि ब्राझील यांच्या व्यूहात्मक भागीदारीत मुत्सद्देगिरीचा नवा टप्पा.'