एक जागा, वीस मिनिटं, आणि फोटो शेवटी

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, कॉलेजात वही भरून लिहायचीस, आणि आता नागपुरातल्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला लागल्यापासून तीन वर्षांत एक पानही नाही. फोनमध्ये मात्र अकरा हजार फोटो. ‘माझ्यातलं काहीतरी आटलं’ असं तू लिहिलंस. मला तसं वाटत नाही. तुझा हात शाबूत आहे, थांबलीय ती नजर. एखादी वस्तू दिसली की तिचं नाव आठवतं, फोन वर होतो, फोटो निघतो आणि मन म्हणतं, ‘झालं.’ खरं म्हणजे बघणं तिथून सुरू व्हायला हवं होतं. म्हणून या पत्रात बहुतेक सगळं बघण्याबद्दल आहे.

आधी जागा ठरव, एकच. घरापासून दहा मिनिटांच्या आत असावी. वीस मिनिटं बसलीस तर कोणी हटकू नये. तिथे काहीतरी हलणारं असावं, काहीतरी स्थिर असावं आणि उजेड एका बाजूने यावा. पहिल्या महिन्यात फुटाळा तलावावर जाऊ नकोस. तिथला सूर्यास्त इतक्यांनी इतक्या वेळा टिपलाय, की तू तिथे उभी राहिलीस तरी दुसऱ्यांनीच पाहिलेलं पाहशील. सकाळची तर्री-पोह्याची गाडी चालेल, गच्चीवरची कपड्यांची दोरी चालेल, अजनी चौकाच्या स्टेशनवरचा एक ठरलेला बाकही चालेल. एप्रिल-मेमध्ये बाहेर बसणं शक्य नसतं, तेव्हा घरातली कूलरची खिडकी घे. ओल्या ताटीचा वास, पाणी झिरपल्याने भिंतीवर उठलेला डाग, पंख्यासमोर फडफडणारा पडद्याचा एकच कोपरा, एवढ्यावर महिना निघतो.

वीस मिनिटांची वाटणी अशी कर. पहिली तीन मिनिटं हात रिकामे. पुढची सात लिहायचं, त्यानंतरची आठ रेषा काढायच्या, आणि उरलेल्या दोन मिनिटांत फोटो, जास्तीत जास्त तीन. हा क्रम बदलू नकोस. फोटो आधी काढला की डोळ्यांना सुट्टी मिळते, मग लिहिताना आणि चित्र काढताना तू समोर न बघता आठवणीतून भरत जातेस. चित्र आधी काढलंस तर फोटो काढताना तुला नक्की ठाऊक असतं की चौकटीत काय हवं आणि काय नको.

सामान थोडंच लागेल. ए-५ आकाराची, १२० ते १५० जीएसएमच्या जाडसर कागदाची कोरी वही, ०.५ चं काळं जेल पेन आणि HB, 2B, 6B अशा तीन पेन्सिली. खोडरबर पहिला महिना घरी ठेव. महागडी वही घेऊ नकोस. तिचं पहिलं पान बिघडवायला हात धजत नाही आणि ती कपाटात पडून राहते.

आता लिहिण्याचं. पानाच्या वर तारीख, वेळ आणि हवा लिही. सात मिनिटं पेन थांबवायचं नाही. अडलीस तर शेवटचा शब्द पुन्हा लिही, पण थांबू नकोस. नियम एकच आहे आणि तो कडक आहे. ‘सुंदर’, ‘छान’, ‘शांत’, ‘प्रसन्न’ हे शब्द महिनाभर वर्ज्य. ‘सकाळचं वातावरण प्रसन्न होतं’ हे वाक्य कुठल्याही गावात, कुठल्याही दिवशी लिहिता येतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. ‘तर्रीवर तेलाचा लाल थर आहे, पळी बुडवली की फाटतो आणि परत जुळतो’ हे वाक्य तिथे बसल्याशिवाय येत नाही. नाम आणि क्रियापद यांच्यावर भर दे. विशेषण आलंच तर ते मोजता येणारं किंवा हाताला लागणारं असू दे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गोष्ट हमखास बिघडते. समोरची गाडी, झाड, माणसं बाजूला पडतात आणि वहीत ‘मला वाटतं’, ‘माझं मन’ सुरू होतं. मन मोकळं करणं वाईट नाही, त्यासाठी वेगळी वही ठेव. या वहीत दर वाक्याचा कर्ता बाहेरचा हवा. वाफ, झाकण, सायकल, मांजर, पोहेवाल्याची बोटं. एवढं केलंस तरी तुझ्या मनाची अवस्था त्यात उतरतेच. कशाकडे लक्ष गेलं त्यावरून ती कळते.

कानावर पडलेलं जसंच्या तसं उतरव. ‘काऊन बे, आज उशीर?’ हे ‘का रे, आज उशीर झाला?’ असं सुधारून लिहू नकोस. गाडीवाला ‘सांबार टाकू का?’ म्हणाला तर वहीतही सांबारच राहू दे, त्याची कोथिंबीर करू नकोस. आलूबोंड्याचा बटाटेवडा करू नकोस. ‘पाहून राहिलो ना’ यातलं ते ‘राहिलो’ वाक्याला जो रेंगाळता ताल देतं, तो ‘पाहतोय’मध्ये नाही. शाळेने आपल्याला ही भाषा वहीबाहेर ठेवायला शिकवलं आणि त्यामुळे आपली निम्मी कानाची स्मृती लिहिण्यात कधी आलीच नाही. तुझं लिहिणं कोरडं वाटतं असं तू म्हणतेस, त्याचं मोठं कारण हे असावं.

चित्राकडे येते. तुला परीक्षेत चांगली श्रेणी होती, त्यामुळे तुझा हात सफाईदार आहे आणि तीच पहिली अडचण आहे. सराव झालेला हात डोळ्यांना विचारत नाही. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी हे चित्र नागपुरात वाढलेली मुलंही काढतात, तिथे तसा डोंगर कुठेही दिसत नसताना. ही सवय मोडायला पहिला आठवडा कागदाकडे न बघता रेषा काढ. पेन कागदावर टेकव, नजर वस्तूच्या कडेवर ठेव, आणि मुंगी त्या कडेवरून चालतेय असं समजून तिच्याच वेगाने पेन सरकव. पेन उचलायचं नाही, खाली पाहायचं नाही, तीन मिनिटं. चित्र वेडंवाकडं येईल, कान खांद्यावर जाईल. येऊ दे. रेषा सरळ आणि झटपट आली तर समज की तू चोरून बघितलंस किंवा घाई केलीस. खरी रेषा थरथरती, अडखळती असते आणि जिथे कड वळते तिथे तीही वळते.

दुसऱ्या आठवड्यात वस्तू सोडून वस्तूंमधल्या मोकळ्या जागा काढ. खुर्ची काढू नकोस, खुर्चीच्या पायांमधले तुकडे काढ. कपड्यांच्या दोरीवर दोन शर्टांमध्ये जे आभाळ दिसतं, तेवढंच काढ. त्या तुकड्यांना नावं नसतात, म्हणून मेंदू मध्ये तोंड घालत नाही आणि प्रमाण आपोआप बरोबर येतं.

मग एक संत्रं घे आणि त्याच्यासोबत चांगले दहा दिवस राहा. संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराचं फळ हिवाळ्यात मिळेल, मृग बहाराचं उन्हाळ्याच्या तोंडाशी. नागपुरी संत्रं गोल नसतं, वर-खाली दबलेलं असतं आणि देठाकडे बऱ्याचदा छोटी मान उचललेली असते. साल सैल असते, त्यामुळे सोललेल्या फळात साल आणि फोडी यांच्यामध्ये फट दिसते. ती फट काढलीस की संत्रं मोसंबीपासून वेगळं झालं. सालीवरचे बारीक खड्डे सगळीकडे ठिपके मारून दाखवू नकोस. ते फक्त उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात दिसतात, कारण तिथे प्रकाश तिरका पडतो. संत्रं खिडकीपासून हातभर अंतरावर, पांढऱ्या कागदावर ठेव. सगळे जण फळाची तळाची कड सर्वांत गडद करतात आणि फळ चपटं दिसतं. नीट बघ. सर्वांत गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो, कारण पांढऱ्या कागदावरून परतलेला उजेड कडेला मंद उजळवतो. बाह्यरेषा HB ने हलकी, मधली सावली 2B ने, आणि 6B फक्त फळाखाली, जिथे ते कागदाला टेकतं तिथे. बोटाने पुसून सावली मऊ करू नकोस. बोटाचं तेल कागदावर बसतं आणि तिथे पेन्सिल डाग धरते.

रंग लावायचे असतील तर नागपूरच्या हवेशी जुळवून घ्यावं लागतं. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की जलरंगाचा थर पसरवता पसरवताच वाळतो आणि मध्येच कडक कड उमटते. उपाय असे. कागद ३०० जीएसएमचा घे. आधी मागची बाजू ओली करून तो गुळगुळीत फरशीवर किंवा काचेवर चिकटव, मग पुढची बाजू ओली कर. रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेव, मध्ये थांबून कालवायला गेलीस की कड आलीच. ब्रश ८ किंवा १० नंबरचा गोल. कूलरच्या झोतात बसू नकोस, सकाळी सातच्या आत काम उरक. जुलैत सगळं उलटं होतं. थर वाळतच नाही, दुसरा रंग पहिल्यात फुटतो. तेव्हा एका वेळी दोन छोटी चित्रं आलटून-पालटून कर, म्हणजे वाट बघणं जड जात नाही. आणि संत्र्याच्या सावलीत काळा घालू नकोस. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा होतो आणि फळ नासल्यासारखं दिसतं. नारिंगीतच थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळ.

फोटोबद्दल तुला बरंच येतं, म्हणून थोडक्यात लिहिते. लेन्स सुती कापडाने पूस, बरेचसे धुरकट फोटो बोटांच्या ठशांमुळे येतात. दोन बोटांनी झूम करू नकोस, पुढे चालत जा. जिथे उजेड नीट हवा तिथे बोट दाबून धर म्हणजे फोकस आणि एक्सपोजर दोन्ही तिथेच थांबतील, मग बोट खाली-वर सरकवून उजेड कमी-जास्त कर. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणू बघतो. म्हणून चुन्याची पांढरी भिंत मळकी येते, तिथे उजेड वाढवायचा. काळी म्हैस राखाडी येते, तिथे कमी करायचा. पोळ्याला पांढरा बैल आणि मारबतीच्या मिरवणुकीत काळ्या मारबतीचा पुतळा टिपशील तेव्हा हे उपयोगी पडेल.

उन्हाचा हिशोब मात्र सविस्तर सांगावासा वाटतो, कारण तो या शहराचा आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा वाजून दहा-बारा मिनिटं झालेली असतात, आणि खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच गोळा होते. अशा उजेडात माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या दिसतात. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच वेळी सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो. तुझी सावली तुझ्याच उंचीएवढी पडते, आणि भर दुपारीही भिंतींचा पोत, सुरकुत्या, विटांच्या फटी उठून दिसतात. पुस्तकं सांगतात की दुपारी फोटो काढू नका. नागपूरच्या डिसेंबरात खुशाल काढ. तुझ्या ठरलेल्या जागेचा एकाच कोनातून दर पंधरवड्याला दुपारी एक फोटो घे, सावली कशी लांबते आणि आखडते ते वर्षभरात दिसेल.

रविवारी आठवड्याचे एकवीस फोटो समोर घे आणि एकच ठेव. तो स्टुडिओतून मॅट कागदावर ४×६ आकारात छापून वहीत त्या दिवसाच्या चित्राशेजारी चिकटव. फोनची चौकट ४:३ असते आणि छपाईची ३:२, त्यामुळे आडव्या फोटोचं वरचं-खालचं आणि उभ्या फोटोचं दोन्ही बाजूंचं थोडं कापलं जातं. आधी स्वतः कापून दे किंवा पांढरी पट्टी ठेवायला सांग. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर बारीक तपशील जातो.

तीस दिवस कुणालाही काही दाखवू नकोस. स्टेटसलाही नाही. पहिल्याच दिवशी मिळालेली शाबासकी दुसऱ्या दिवशी तशीच वस्तू शोधायला लावते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं बसू नकोस, वीसच बस. नऊ-दहा दिवसांनी भयंकर कंटाळा येईल, ‘इथे बघण्यासारखं काही उरलं नाही’ असं वाटेल. तेव्हा जागा बदलण्याचा मोह होईल. बदलू नकोस. त्या दिवशी तुला ठाऊक असलेली नावं संपलेली असतात. मग झाकणाच्या कडेला पडलेला पोचा दिसतो, गाडीचं एक चाक दुसऱ्यापेक्षा नवं आहे हे दिसतं. कंटाळा आला त्या दिवशी वहीच्या कोपऱ्यात फक्त एक फुली मार आणि बसून राहा.

महिना झाल्यावर बाहेर पड. अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तुसंग्रहालयातल्या, मूर्ती हलत नाहीत, रेषेच्या सरावाला त्यांच्यासारखं काही नाही. तो संग्रह १८६३ पासूनचा आहे. चित्रं काढायची, फोटो घ्यायचे, तर दारावर आधी विचार. गणपतीच्या आधी मूर्तिकारांच्या चितारओळीत जा. कारागिरांची कामाची घाई असते, म्हणून आधी परवानगी घे, वाटेत उभी राहू नकोस, आणि पहिल्या भेटीत फोन खिशातच ठेव. डोळ्यांची आखणी चाललेली असेल तर ब्रश धरलेल्या हाताची करंगळी कुठे टेकलीय ते बघ. पुढच्या वेळी येशील तेव्हा ती करंगळी मला काढून दाखव, आणि फुल्या मारलेली वही सोबत आण. पानं फाडलेली नकोत.

आशीर्वाद.