वाचक विचारतात : नॅनोकणांच्या प्लाझ्मातून लेझरचे हार्मोनिक

प्रश्न : चांदीच्या पत्र्याऐवजी चांदीच्या नॅनोकणांचं टार्गेट लावलं की पहिल्या काही शॉटना ११वा ते १५वा हार्मोनिक (लेझरच्या ११ ते १५ पट वारंवारतेचा प्रकाश) जोरदार येतो, मग सिग्नल बसतो. हीटिंग पल्सची, म्हणजे टार्गेट तापवून त्याचा प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉनांचा तप्त वायू) उडवणाऱ्या लेझर-झटक्याची, ऊर्जा वाढवूनही परत येत नाही. (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ऊर्जा वाढवू नका, उलट कमी करा. हीटिंग पल्सचं काम कण फोडणं नाही, ते अख्खे उचलणं आहे. सुमारे २०० पिकोसेकंदांच्या पल्सला घन चांदीवर दर चौरस सेंटीमीटरला १० ते २० अब्ज वॅट चालतात. काचेवर चिकटवलेल्या भुकटीतून उष्णता पसरून जात नाही, त्यामुळे तिथे ५ अब्जांच्या आसपास सुरुवात करून हळूहळू वर या. जास्त झालं की कणांचे अणू-आयन होतात, मुक्त इलेक्ट्रॉन वाढतात, लेझर आणि हार्मोनिक यांच्या लाटांच्या कला (चढउतारांचे टप्पे) जुळेनाशा होतात आणि सिग्नल मरतो.

दुसरं कारण साधं आहे : त्या जागेवरची भुकटी संपते. टार्गेट सतत सरकवा किंवा फिरवा, म्हणजे पल्सला ताजी जागा मिळेल. थर पातळ आणि एकसारखा हवा. सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद जेमतेम लावा; जास्त झाला तर त्यातला कार्बनही प्लाझ्मात येतो आणि त्याचे हार्मोनिक चांदीच्या खात्यात जमा होतात. म्हणून नुसता गोंद लावलेल्या काचेचा स्पेक्ट्रम आधी घेऊन ठेवाच. ही तुलना न करता काढलेल्या 'वाढीव तीव्रते'च्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

फेम्टोसेकंद किरण, म्हणजे प्लाझ्मात हार्मोनिक तयार करणारी अतिलघु पल्स, टार्गेटच्या पृष्ठभागापासून १०० ते २०० मायक्रॉनवरून जाऊ द्या. हीटिंग पल्स आणि हा किरण यांच्यातला विलंबही तपासा. २०० मायक्रॉन ४० नॅनोसेकंदांत कापायचे तर वेग सेकंदाला ५ किलोमीटर हवा. तो अणूंना जमतो. १० नॅनोमीटरच्या कणात सुमारे ३० हजार अणू असतात, तो मागे राहतो, त्याच्यासाठी विलंब जास्त हवा. आरशांनी ३० नॅनोसेकंदांचा विलंब द्यायलाच ९ मीटरचा मार्ग लागतो, तेव्हा लांब विलंबाच्या तपासणीसाठी हीटिंगला वेगळा लेझर घेतलेला बरा.

प्रश्न : स्पेक्ट्रममधल्या रेषा हार्मोनिकच आहेत, प्लाझ्माच्या स्वतःच्या नाहीत, हे कसं ओळखायचं? (प्राध्यापक, नाशिक)

उत्तर : फेम्टोसेकंद किरणात क्वार्टर-वेव्ह प्लेट (प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या विद्युतक्षेत्राची दिशा, बदलणारी चकती) घालून ती फिरवा. ध्रुवण वर्तुळाकार झालं की बाहेर फेकलेला इलेक्ट्रॉन आपल्या आयनाकडे परतत नाही आणि त्या परतण्यातूनच निर्माण होणारे हार्मोनिक नाहीसे होतात. प्लाझ्माच्या रेषा जागच्या जागी राहतात. मात्र एखादा हार्मोनिक आयनाच्या संक्रमणाजवळ (दोन ऊर्जापातळ्यांमधल्या उडीजवळ) पडला तर तो शेजाऱ्यांपेक्षा खूपच उठून दिसतो. ८०० नॅनोमीटरच्या लेझरचा १३वा हार्मोनिक ६१.५ नॅनोमीटरला येतो आणि इंडियमच्या प्लाझ्मात तो असाच उसळतो. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अशा प्लाझ्मांवर आणि चांदीच्या नॅनोकणांवरही महत्त्वाचं काम झालं आहे.

प्रश्न : नॅनोकणांमुळे आणखी वरच्या क्रमाचे हार्मोनिक मिळतात का?

उत्तर : नाही. खालच्या क्रमांची तीव्रता वाढते, कमाल मर्यादा फारशी वाढत नाही. ती मर्यादा म्हणजे आयनीभवन ऊर्जा (इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी) अधिक ३.१७ गुणिले पाँडरोमोटिव्ह ऊर्जा (लेझरच्या क्षेत्रात हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनची सरासरी ऊर्जा). ८०० नॅनोमीटर आणि चौरस सेंटीमीटरला २०० लाख कोटी वॅट धरले तर दुसरी संज्ञा ३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. एकदा आयनित झालेल्या चांदीचे २१.५ त्यात मिळवा, एका फोटॉनच्या ऊर्जेने, १.५५ने, भागा : ३८ च्या थोडं वर, आणि हार्मोनिक विषम क्रमांचेच येतात, म्हणून ३७वा. उदासीन कण त्या तीव्रतेच्या कितीतरी आधी आयनित होतात, म्हणून त्यांची मजल तोकडी.

प्रश्न : क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण) जितके लहान तितके चांगले का? (एमएस्सी विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : घन फिल्ममध्ये तरी नाही. क्योटो विद्यापीठातल्या गटाने २०२२ साली कॅडमियम सेलेनाइड आणि सल्फाइडच्या डॉट्सवर दाखवलं, की आकार फार लहान केला, ऊर्जापातळ्यांमधलं अंतर लेझरच्या फोटॉनपेक्षा मोठं झालं, की हार्मोनिक एकदम क्षीण होतात. ऊर्जापट्ट्याच्या आतल्या आत होणारी इलेक्ट्रॉनची हालचालच तिथे अडते. हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, कारण आकार हे एकच बटण फिरवून यंत्रणा उघडी पडली. प्लाझ्मात डॉट वापरताना प्रश्न वेगळा : ते टिकले का? टार्गेटसमोर सिलिकॉनची चकती किंवा तांब्याची जाळी ठेवा, उडालेला थर तिच्यावर जमू द्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार मोजा. चकती काढताना हातमोजे आणि मास्क हवाच. कक्षाच्या भिंतींवरही विषारी कॅडमियम बसलेलं असतं.