महासाथीच्या काळातील मुदतवाढ: वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

प्रश्न: वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. मी २० जून २०१८ रोजी माझ्या धाकट्या मेहुण्यांना व्यवसायासाठी बँकेतून चार लाख रुपये हातउसने दिले. परतफेडीची तारीख ठरलेली नव्हती. अनेकदा मागूनही पैसे न मिळाल्याने २० मार्च २०२३ रोजी शिवाजीनगरच्या न्यायालयात वसुलीचा दावा दाखल केला. आता त्यांनी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) म्हटले आहे, की कोविडची सवलत केवळ ९० दिवसांची होती, ती मे २०२२ अखेर संपली आणि म्हणून माझा दावा मुदतबाह्य आहे. माझे पैसे बुडाले असे समजायचे का?
एक निवृत्त शिक्षक, कोथरूड

उत्तर: नाही, तसे समजू नका. आपण दिलेल्या तारखा बरोबर असतील तर आपला दावा मुदतीत आहे. प्रतिपक्षाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातील एक वाक्य उचलले आहे आणि त्याला लागून असलेले दुसरे वाक्य सोडून दिले आहे.

परतफेडीची तारीख न ठरवता उसने दिलेल्या पैशांच्या वसुलीसाठी १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार, रक्कम दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत मिळते. त्या हिशेबाने आपली मुदत २० जून २०२१ रोजी, म्हणजे साथीच्या ऐन काळात, संपत होती. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण काळ मुदतीच्या गणनेतून वगळला. ज्यांची मुदत या काळात संपली त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळतील, असे त्यात म्हटले आहे हे खरे; परंतु ज्यांची शिल्लक मुदत ९० दिवसांहून अधिक असेल त्यांना ती अधिक मुदत मिळेल, असेही तेथेच स्पष्ट लिहिले आहे. १५ मार्च २०२० रोजी आपल्या हाती एक वर्ष आणि तीन महिन्यांहून थोडी अधिक मुदत शिल्लक होती. ती १ मार्च २०२२ पासून पुन्हा चालू झाली आणि जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरली. शिल्लक मोजण्याची हीच रीत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मधील अरिफ अझीम विरुद्ध ॲप्टेक या निकालात मान्य केली आहे. आपल्या वकिलांना तो निकाल आणि १० जानेवारी २०२२ चा आदेश, दोन्ही लेखी युक्तिवादासोबत जोडण्यास सांगा.

हा हिशेब काटेकोर ठेवण्याचे कारण असे, की मुदतीच्या कायद्याचे कलम ३ फार कठोर आहे: प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो. शिवाय कलम ५ खालील विलंबमाफी अपिलांना आणि बहुतेक अर्जांना मिळते, मूळ दाव्याला मिळत नाही. दाव्याला एका दिवसाचा उशीर झाला तरी, आजारपण कितीही खरे असले तरी, त्या कलमाचा आधार नाही. आपले घेणे खरे राहते, पण ते वसूल करण्यासाठी न्यायालयाचे दार बंद होते. म्हणूनच वगळलेल्या काळाची ही तरतूद आपल्यासारख्यांसाठी निव्वळ सवलत नव्हती. तिच्यावाचून आपला हक्कच कागदावर राहिला असता.

प्रश्न: न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, अशी तरतूद कायद्यात आधीपासून आहे. मग सर्वोच्च न्यायालयाला वेगळा आदेश का काढावा लागला? आणि पोलिसांनाही या मुदतवाढीचा लाभ मिळाला का?
विधी शाखेची एक विद्यार्थिनी, कर्वे रस्ता

उत्तर: आपण म्हणता ते कलम ४. पण ते फक्त मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला तरच उपयोगी पडते, आणि मग न्यायालय उघडेल त्याच दिवशी कागद दाखल करावे लागतात. २०२० मध्ये न्यायालये पूर्ण बंद नव्हती. तातडीची कामे चालू होती. बंद होते ते रस्ते आणि झेरॉक्सची दुकाने. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले होते, त्यामुळे ही भीती इथे लवकर पोहोचली. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भोरकडच्या एक आजी निकालाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून एसटीने माझ्या कचेरीत आल्या होत्या. पदराने तोंड झाकून, टेबलापासून लांब उभ्या राहून त्यांनी विचारले, ‘कोर्टच बंद पडलं तर माझ्या जमिनीचं काय हो?’ त्यांच्या अपिलाचे नऊ दिवस उरले होते. माझ्याकडे त्या दिवशी त्यांना देण्यासारखे खात्रीचे उत्तर नव्हते.

ते उत्तर २३ मार्च २०२० रोजी मिळाले. सरन्यायाधीश शरद बोबडे, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या पीठाने स्वतःहून दखल घेऊन, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून, १५ मार्चपासून पुढील आदेशापर्यंत देशभरातील मुदती वाढवल्या. कर भरण्याच्या तारखांसाठी केंद्र सरकारने ३१ मार्चला अध्यादेश काढला. पक्षकारांचा भार मात्र न्यायालयाच्या या विशेषाधिकारावर राहिला. पुढे ८ मार्च २०२१ रोजी ही मुदतवाढ थांबवली गेली आणि दुसरी लाट आल्यावर २७ एप्रिलला पुन्हा लागू करावी लागली. अशा प्रसंगासाठी मुदतीच्या कायद्यातच एखादे कलम असायला हवे, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या साथीत एखाद्या आजींना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत बसावे लागू नये.

पोलिसांविषयीचे उत्तर थोडक्यात: नाही. आरोपी कोठडीत असताना दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आले नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. १९ जून २०२० च्या एस. कासी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुदतवाढीच्या आदेशाने हा हक्क हिरावला जात नाही.

प्रश्न: आम्ही सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहतो. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जिल्हा ग्राहक आयोगाने आमची तक्रार फेटाळली. महिनाअखेर आमच्या भागात आलेल्या साथीत माझ्या पतींना जीबीएस (मज्जातंतूंवर परिणाम करणारा गिया-बारे सिंड्रोम) झाला, ते कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर होते. अपिलाकडे लक्ष देणे शक्यच नव्हते. कोविडसारखी मुदतवाढ आम्हाला मिळेल का?
एक वाचक, धायरी

उत्तर: ताई, आपल्यावर फार मोठा प्रसंग आला होता. त्या साथीसाठी मुदतवाढीचा सर्वसाधारण आदेश निघालेला नव्हता, आणि कोविडचा वगळलेला काळ २८ फेब्रुवारी २०२२ रोजीच संपला. परंतु आपले प्रकरण पहिल्या प्रश्नातल्यासारखे मूळ दाव्याचे नसून अपिलाचे आहे, आणि तेथे मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ४१ नुसार राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करावे लागते. पुरेसे कारण दाखवले तर त्यानंतरही आयोग अपील दाखल करून घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सांगितले आहे, की विलंबाच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा मागताना हटवादीपणा करू नये, आणि उशीर करून पक्षकाराचा सहसा काहीच फायदा होत नसतो.

मात्र ‘घरात आजारपण होते’ एवढे एक वाक्य पुरणार नाही. दाखल झाल्याची तारीख, अतिदक्षता विभागातून बाहेर आल्याची तारीख, डिस्चार्ज कार्ड, त्यानंतरच्या फिजिओथेरपीच्या पावत्या, आणि त्या काळात घरात धावपळ करणारे दुसरे कोणी नव्हते हे सांगणारे आपले प्रतिज्ञापत्र, हे सारे तारखांच्या क्रमाने लावा. पती घरी आल्यानंतरच्या दिवसांचा खुलासा विशेष काळजीने लिहा, कारण प्रश्न नेमका तिथेच विचारला जातो. विलंबमाफीचा अर्ज अपिलासोबतच दाखल करा. अपील आधी आणि अर्ज सवडीने, असे करू नका. यापुढे गेलेल्या प्रत्येक आठवड्याचाही खुलासा आपल्यालाच द्यावा लागेल, म्हणून हे उत्तर वाचल्यावर लगेच वकिलांना भेटा.