कोची की विशाखापट्टणम: कुटुंब घेऊन राहायला कुठलं शहर बरं?

तुम्ही विचारलंय की दोन्ही ठिकाणी नोकरी मिळतेय, घराचं भाडं कंपनी देणार आहे, बरोबर बायको, तिसरीतली मुलगी आणि आई. आणि शेवटी लिहिलंय, "विशाखापट्टणमला वादळं येतात म्हणून घरचे नको म्हणतायत." हे शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

मी दोन्ही शहरांत संसार केलाय. नवरा जहाजदुरुस्तीतला, त्यामुळे आधी कोची, मग 2013 पासून विशाखापट्टणम. माझं मत सरळ आहे: विशाखापट्टणमला जा.

वादळाचं आधी सांगते. 12 ऑक्टोबर 2014, रविवार. हुदहुद थेट शहरावर आलं. हवामान खात्यानं काही दिवस आधीपासून सांगितलं होतं, त्यामुळे अचानक काही झालं नाही. नवरा आदल्या दिवसापासून कामावर, जहाजं जादा दोरांनी बांधायला. एमव्हीपी कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर मी, सासूबाई आणि मुलगा. सकाळपासून वारा वाढत गेला. ताशी 170 ते 180 किलोमीटर हा आकडा नंतर कळला, त्या वेळी फक्त आवाज होता. सरकत्या खिडक्यांच्या फटींतून पाणी आत उडत होतं. बाल्कनीच्या दाराला गादी लावून तिच्यामागे कपाट ढकललं आणि तिघं मधल्या बोळात जमिनीवर बसलो.

दुपारच्या सुमाराला सगळं थांबलं. मुलगा म्हणाला, संपलं. मी दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधल्या अक्का आधीच जिन्यात उभ्या, खाली निघालेल्या पोरांना हाका मारून वर बोलावत होत्या. "हा वादळाचा डोळा आहे, मधला शांत भाग. आता उलट्या बाजूनं येईल. ज्या खोल्या आत्तापर्यंत कोरड्या राहिल्या त्या रिकाम्या करा." आमच्या सामानाची निम्मी हलवाहलव त्यांच्या मुलांनी केली. आणि खरंच, वारा फिरला. तोवर शाबूत असलेल्या बेडरूमची काच फुटली, पण खोलीत कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाली उतरलो तर रस्ता दिसेना, सगळी झाडंच आडवी. कैलासगिरीची हिरवी टेकडी बोडकी झाली होती. विमानतळाचं छत उडालं होतं. वीज नाही, फोन नाही, दुधाला आणि पेट्रोलला रांगा. आणि मी काय पाहिलं? आमच्या इमारतीत जमिनीखालच्या टाकीतून दोरी-बादलीनं पाणी काढायची पाळी लावली गेली. ज्यांच्याकडे गॅस होता त्यांनी दहा घरांचा भात शिजवला. कॉलनीतली पोरं कुऱ्हाडी, करवती घेऊन रस्ता मोकळा करत होती. तान्ह्या बाळाच्या घरात दूध आधी, मग म्हाताऱ्यांना, मग उरलं तर बाकीच्यांना. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. दिवाळी तोंडावर होती. त्या वर्षी इमारतीत कुणी फटाका लावला नाही, कारण सगळीकडे वाळलेल्या फांद्यांचे ढीग पडले होते.

फोन सुरू झाल्यावर पहिला फोन आला पुण्याहून, थोरल्या दिरांचा. आम्ही कसे आहोत हे विचारायच्या आधी म्हणाले, "मी सांगत होतो. कोचीसारखी देवभूमी सोडून वादळाच्या तोंडात निघालात." आमची बदली ठरली तेव्हापासून हे वाक्य चालू होतं. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत पंगतीला बसलं की निघायचंच. सासूबाईंना मी धोक्यात घातलं असा त्याचा अर्थ. चार माणसांत हे ऐकून घेणं सोपं नाही.

म्हणून तुमच्या घरच्यांनाही मी तेच सांगते जे भाऊजींना सांगत आले. समुद्राकाठचं सुरक्षित शहर कुठलं ते दाखवा. 2017 च्या ओखी वादळात केरळचे किती मच्छीमार समुद्रातून परतले नाहीत, कोचीजवळच्या चेल्लानमला घरांत समुद्र शिरला. 2018 च्या ऑगस्टमध्ये पेरियार नदी फुगली, कोचीजवळचं आलुवा बुडालं, कोचीचा विमानतळ 15 ते 29 ऑगस्ट बंद होता. विमानं नौदलाच्या धावपट्टीवरून सुरू करावी लागली. तो पूर आला तेव्हा आमची जुनी घरमालकीण पहिल्या मजल्यावर नातेवाइकांची तीन कुटुंबं घेऊन बसली होती, मी रोज फोन करत होते. त्या वेळी भाऊजींचा एकही फोन आला नाही. चक्रीवादळाची सूचना बहुतेक वेळा काही दिवस आधी मिळते, तयारी करता येते. हे मी अनुभवातून म्हणते.

आता रोजचं जगणं. कोचीत मी जी वर्षं काढली त्यात पावसाशी भांडण कायमचं. जूनला नैर्ऋत्य मोसमी येतो, तो सरतो न सरतो तोच ऑक्टोबरला परतीचा सुरू. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर. कपडे पंख्याखाली वाळवा, चामड्याच्या पर्सवर बुरशी, पुस्तकांना कुबट वास, मोठी सर आली की एम. जी. रोडवर पाणी. आणि डास! विशाखापट्टणमला पाऊस याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मे महिना मात्र घामानं हैराण करतो, हे खोटं सांगणार नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि रेल्वेनं डोंगरातल्या अरकूला गेलात तर खरी थंडी. कोचीत बाराही महिने अंगाला तीच चिकचिक.

समुद्र म्हणाल तर कोचीत रोजच्या जगण्यात दिसते ती खाडी, बॅकवॉटर. चांगल्या पुळणीसाठी चेराईला जावं लागतं. विशाखापट्टणमचा समुद्र शहराच्या दारात आहे. आर. के. बीचचा रस्ता पहाटे वाहनांना बंद असतो, सगळं गाव चालायला येतं. तुमच्या आईंना हे फार आवडेल. पाण्यात मात्र कुणी उतरू नका, मुलीला तर अजिबात नाही. तिथे पाण्याला ओढ भयंकर आहे, माणसं वाहून जातात.

आईंचा विषय निघालाय म्हणून सांगते, माझ्या सासूबाई कोचीत मुक्या झाल्या होत्या. विशाखापट्टणमला आल्यावर त्यांना पंचांग परत मिळालं. तेलुगू लोकांचा उगादी म्हणजे आपला पाडवाच, कडुनिंबाच्या फुलांसकट. श्रावण आपलाच, त्यातले शुक्रवार आणि मंगळागौर त्यांच्याकडेही, गणपती तर दणक्यात. केरळात महिने सूर्याप्रमाणे चालतात, चिंगम आला की ओणम. सण सुंदर, पण घरातल्या म्हातारीला तिचा श्रावण शेजारी कुठे दिसत नाही. आमचं कुलदैवत नीरा-नरसिंगपूरचं. सासूबाईंना सिंहाचलमचा वराह नरसिंह भेटला. वर्षभर चंदनाच्या लेपात झाकलेली मूर्ती फक्त अक्षय तृतीयेला मूळ रूपात दिसते. त्या दिवशीची गर्दी बघून मी नको म्हणत होते, त्या गेल्याच. आणि भाजी: रयतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, अंबाडी मिळते, तिथे तिला गोंगुरा म्हणतात. ज्वारीचं पीठ मिळतं. शेंगदाण्याची चटणी घरोघर. सासूबाईंना कुणी धोक्यात घातलं होतं, विचारा त्यांनाच.

कोचीचं चांगलं तेही लिहिते. दवाखाने उत्तम, आईंना मोठं दुखणं असेल तर हा मुद्दा जड आहे. मेट्रो 2017 पासून, बोटींची वॉटर मेट्रो 2023 पासून. शाळा दोन्हीकडे केंद्रीय बोर्डाच्या चांगल्या मिळतात, मुलीची काळजी करू नका. धूर-वायूच्या बाबतीत दोघांचेही हात काळे आहेत: विशाखापट्टणमला बंदराच्या कोळशाची धूळ आणि 2020 च्या मे महिन्यात कारखान्यातून झालेली स्टायरीन या विषारी वायूची गळती, कोचीला 2023 च्या मार्चमध्ये ब्रह्मपुरमच्या कचराडेपोला आग लागून कचरा कितीतरी दिवस धुमसत होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मी सोलापूरची. साखर पेठेत तेलुगू ऐकत वाढले, त्यामुळे अक्कांशी पहिल्या दिवसापासून बोलता आलं. मल्याळम मला शेवटपर्यंत जमली नाही. तुम्ही कोकणातले असाल तर हिशेब बदलतो. नारळ, मासे, भात ओळखीचे, कोचीतल्या मट्टनचेरीच्या चेरलाई भागात कोकणी कानावर पडते आणि मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीवरून जाते. सोलापूरकडच्यांसाठी विशाखापट्टणमहून कोणार्क एक्सप्रेस आहे.

विशाखापट्टणमला घर बघाल तेव्हा अगदी समुद्रासमोरच्या पहिल्या ओळीतलं घेऊ नका, खाऱ्या वाऱ्यानं फ्रीजपासून गजापर्यंत सगळं गंजतं. दुसरा-तिसरा मजला बघा. जमिनीखालची टाकी आणि जनरेटर आहे का ते विचारा. आणि मालकाला, तो नसेल तर शेजाऱ्यांना विचारा, 2014 ला या घरात पाणी कुठल्या खिडकीतून आलं. जुनी माणसं नेमकी खिडकी दाखवतात.