पटाची जोडी आणि तिफणीची जोडी

डॅलसजवळ राहणाऱ्या, मूळच्या दारव्हा तालुक्यातील एका वाचकांचे चार पानी पत्र आले आहे. त्यात प्रश्न चार आहेत, परंतु साडेतीन पाने एकाच प्रश्नाने व्यापली आहेत, तेव्हा माझे उत्तरही त्याच मापाने गेले तर त्यांनी रागावू नये. ते लिहितात, “काकाजी, टेस्लाचा सायबरट्रक, म्हणजे विजेवर चालणारा तो पिकअप ट्रक, घ्यायचे ठरले आहे. दोन मोटारींचा साधा घ्यावा की तीन मोटारींचा सायबरबीस्ट, तेवढे ठरत नाही. बायको साधा घ्या म्हणते. पण मला ट्रेलर ओढायचा असतो, आणि अशी गाडी माणूस आयुष्यात एकदाच घेतो.”

आयुष्यात एकदाच घेतो, हे वाक्य मी मिशिगनमधील सव्वीस वर्षांत स्वतः तीन वेळा उच्चारले आहे आणि तिन्ही वेळा ते गाडीबद्दलच होते, म्हणून तुमची अवस्था मला समजते. मात्र ट्रेलरचे कारण पुढे करू नका. तुम्हीच लिहिले आहे की ट्रेलर, त्यावरचा छोटा ट्रॅक्टर आणि अवजारे मिळून वजन सहा हजार पौंडांच्या आसपास भरते. बाजारात आल्या तेव्हा या दोन्ही गाड्यांची ओढण्याची मर्यादा एकच होती, ११,००० पौंड, म्हणजे सुमारे पाच टन. तिसरी मोटार घेतल्याने त्यात एका पौंडाचीही भर पडत नाही.

मग जास्तीचे पैसे कशाचे? नोव्हेंबर २०२३ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा साध्या गाडीची किंमत ७९,९९० डॉलर आणि बीस्टची ९९,९९० डॉलर होती. साधीची ताकद ६०० अश्वशक्ती, दुसरीची ८४५. साधी गाडी ताशी साठ मैलांचा वेग ४.१ सेकंदांत गाठते, दुसरी २.६ सेकंदांत. वीस हजार डॉलरांत तुम्हाला दीड सेकंद मिळतो. शिवाय त्या २.६ सेकंदांत गाडीने सरकलेल्या पहिल्या एका फुटाचा वेळ धरलेलाच नाही. आमच्याकडच्या पटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्या एखाद्या धुरकऱ्याने अशी सूट मागितली असती, तर लोकांनी त्याला बैलांसकट गावाबाहेर घालवले असते.

पटाचा विषय मीच काढला आहे, तर तो पुरताच सांगतो. तुम्ही दारव्ह्याचे, तुम्हाला शंकरपट सांगायला नको, पण तुमच्या मुलीला सांगा की आपल्याकडे बैलजोड्यांची शर्यत घड्याळावर लागते आणि सेकंदाच्या अंशावरून मोठमोठे वाद होतात. माझ्या वडिलांना या पटाचे वेड होते. तळेगाव दशासरच्या पटात एकदा आपली जोडी नंबरात यावी, एवढ्यासाठी त्यांनी दोन बैल असे जपले की आम्हा भावंडांना दूध मोजून मिळे आणि बैलांना न मोजता. सरकी, ढेप, तूप, अंडी, सगळे त्यांना. परंतु ती जोडी तिफणीला कधी जुंपली नाही, कारण खांदा धरला तर पळ जातो. मृगाचा पाऊस पडला की गोठ्यात उमदी जोडी उभी असायची आणि आम्ही पेरणीसाठी शेजाऱ्यांची जोडी भाड्याने आणायचो. आई फारसे बोलत नसे, पण एका वर्षी बोलली, “पट जिकून वावर पेरल्या जात नाही.” वडिलांनी त्यावर उत्तर दिले नाही, पण जोडीही विकली नाही.

तुमच्या पत्रात मला माझे वडील दिसतात, हे मी प्रेमानेच म्हणतो आहे. फरक इतकाच की ते स्वतःच्या हौसेला हौस म्हणत, आणि तुम्ही तिला ट्रेलरचे नाव देता.

तुमचे दुसरे म्हणणे असे, की “जास्त ताकदीची गाडी लांबच्या प्रवासात कमी दमेल.” ही समजूत डिझेल इंजिनाच्या काळातून आलेली आहे. या दोन्ही गाड्यांत बॅटरी एकच आहे, सुमारे १२३ किलोवॅट-तासांची. तुमच्या भावाची विहीर डोळ्यांसमोर आणा. विहिरीत पाणी जेवढे आहे तेवढेच आहे, तिच्यावर पाच एचपीची मोटार बसवली काय किंवा साडेसातची बसवली काय, पाणी वाढत नाही, मोठी मोटार ते लवकर उपसते इतकेच. ८४५ अश्वशक्ती म्हणजे पाच एचपीच्या १६९ मोटारी झाल्या, आणि विहीर मात्र एकच. उलट तिसऱ्या मोटारीमुळे गाडी शंभर किलोंहून अधिक जड होते आणि एका चार्जमध्ये साधीपेक्षा थोडे कमीच अंतर जाते. ट्रेलर जोडल्यावर तर कोणत्याही विजेच्या ट्रकचा पल्ला जवळपास निम्म्यावर येतो, कारण वारा कापण्यातच वीज जाते. वाटेत चार्जिंगला कुठे थांबायचे आणि तेथे ट्रेलर न सोडता गाडी लावता येईल का, हे प्रश्न तुमच्या कामाचे आहेत, आणि त्यांतला एकही तुमच्या साडेतीन पानांत नाही.

टायरांचाही हिशोब धरा. तीन टनांची गाडी असे झटके देऊन पळवली की रबर झिजते, आणि ज्याच्याकडे २.६ सेकंदांची गाडी आहे तो ती सिग्नलवर हळू सोडतो, असे मी तरी पाहिलेले नाही. विम्याचा दर सही करण्याआधी दोन्ही गाड्यांसाठी वेगवेगळा मागवा. साडेसात हजार डॉलरांची केंद्रीय करसवलत तुम्ही हिशोबात धरली आहे, ती खोडून टाका, कारण ती ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना मिळत नाही. उरलेल्या पैशांतून आधी गॅरेजमध्ये २४० व्होल्टचा चार्जर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. रोजच्या चाळीस मैलांची वीज तो रात्रीत सहज भरून देईल.

आता एवढे बोलल्यावरही तुमचे मन बीस्टवरच असेल, कर्ज काढावे लागत नसेल आणि बायकोला किंमत खालच्या आवाजात सांगावी लागत नसेल, तर घ्या. वेगाचा आनंद खोटा नाही. वडिलांची जोडी पळताना मीही भान हरपून ओरडलो आहे. फक्त ती रक्कम हौसेच्या खात्यावर टाका.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. भाऊ सौर पंपासाठी पैसे मागतो, ते द्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा दहा टक्केच आहे. तुमच्या चार एकरांना त्यात पाच एचपीचाच पंप मिळतो, साडेसातचा पाच एकरांवरील शेतकऱ्यांना. वावर पाहून मोटार द्यावी, हे शासनालाही कळते. मुलगी वऱ्हाडी बोलत नाही म्हणता, तर तिच्याशी घरात तुम्ही कोणत्या भाषेत बोलता, ते पुढच्या पत्रात कळवा.

आई दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी येणार आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिले आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि जमिनीपासून मागच्या आसनापर्यंतची उंची मोजा. चढण्यासाठी गाडी खाली बसवण्याची सोय असते, ती विक्रेत्याकडून प्रत्यक्ष करून घ्या आणि मग पुन्हा मोजा. त्याच दिवशी आईंना फोन करून घरच्या बाजेची उंची विचारा.