खडकावरची लेलिया कुंडीत वाढवताना

प्रश्न : लेलिया मिलेरी या आमरीचं (ऑर्किडचं) रोप पाईनच्या सालीत लावलं आहे. एक दिवसाआड पाणी घालते, तरी मुळं काळी पडून गळताहेत. पाणी कमी करू का?

उत्तर : पाणी कमी केलंत तर रोप सुकेल, मुळं मात्र वाचणार नाहीत. बदलायला हवं ते कुंडीतलं मिश्रण. ही आमरी ब्राझीलमधल्या मिनास जेराइसच्या डोंगरांवर, लोहखनिजाच्या उघड्या खडकांत वाढते. तिथे पाऊस पडला की पाणी वाहून जातं, मुळं चिंब होतात आणि काही तासांत पुन्हा कोरडी. साल ओलावा धरते, कुजली की गच्च बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

मातीची लहान कुंडी घ्या, रोपापेक्षा बोटभरच मोठी. त्यात 5 ते 10 मिलिमीटरची धुतलेली ग्रॅनाइटची खडी किंवा लाव्हाचे खडे आणि थोडा लाकडी कोळसा भरा. चुनखडीचे खडे नकोत. आडवं खोड खडीच्या वरच राहू द्या, पुरलंत तर नवे कोंब कुजतात. मेलेली मुळं कापा आणि रोप काडीला घट्ट बांधा. हा बांधण्याचा भाग बरेच जण सोडून देतात. रोप हललं की नव्या मुळांची कोवळी टोकं खडीवर घासून मोडतात आणि महिन्याभराची वाढ वाया जाते. चार-पाच दिवस कोरडं ठेवून मग पाणी सुरू करा. पाणी सकाळी, भरपूर, खालून वाहीपर्यंत.

एक विनंती : कुंडी बदलायची ती नव्या मुळांची हिरवी टोकं दिसू लागल्यावरच. एरवी या रोपाला हात लावू नका. तुमचं रोप आधीच मुळं गमावतंय, म्हणून कुजलेली साल आजच काढा, पण खडीत पक्कं बसवायला टोकांची वाट पाहा. तोवर रिकाम्या कुंडीत सावलीला ठेवून सकाळी मुळांवर पाणी फवारा.

प्रश्न : खत किती?

उत्तर : पाकिटावरच्या मात्रेचा चौथा हिस्सा, आठवड्यातून एकदा आणि तोही वाढीच्या काळातच. अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा, नाहीतर खडीवर क्षार साचून मुळांची टोकं जळतात.

प्रश्न : तीन वर्षं झाली. पानं हिरवीगार, तुकतुकीत आहेत, फूल मात्र एकदाही नाही.

उत्तर : गडद हिरवं पान म्हणजे उजेड कमी पडतोय. या लेलियाचं पान फिकट हिरवं, कडेला लालसर जांभळी झाक असलेलं हवं. रोप दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उन्हाकडे सरकवा. दुपारी पानाला हात लावून पाहा, चटका लागला तर वारा कमी पडतोय. तिथे आधी वारा वाढवा, सावली नंतर.

पण नुसत्या उन्हाने भागत नाही. अशी जाड पानांची आमरी पानांवरची रंध्रं रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते. रात्र उकाड्याची असली तर तिचं कामच अडतं. दिवसापेक्षा रात्र आठ-दहा अंशांनी थंड असेल अशी जागा शोधा. बंद खोलीतल्या काचेमागे हे साधत नाही, उघड्या गच्चीवर किंवा बाल्कनीत साधतं. आणि कंद (पानाखालचा खोडाचा फुगीर भाग) पूर्ण भरून वाढ थांबली की पाणी निम्म्याहून कमी करा, पण कंदांवर सुरकुत्या पडू देऊ नका. मिनास जेराइसच्या कोरड्या हिवाळ्यातही या रोपांना पहाटेचं दव मिळत असतं. महिना बघून पाणी तोडू नका, कोंब बघून तोडा. फुलाचा दांडा नव्या वाढीच्या टोकातून येतो, म्हणून कोंब मोडला तर ते वर्ष गेलं.

प्रश्न : माझ्या रोपाच्या पट्टीवर कॅटलिया मिलेरी लिहिलंय. चुकीचं रोप आलं का?

उत्तर : नाही, रोप तेच. 1960 साली ते लेलिया म्हणून नोंदलं गेलं, 2008 मध्ये कॅटलिया या आमरींच्या दुसऱ्या गटात गेलं. पट्टी जपून ठेवा. लोखंडाच्या खाणींनी हिचे मूळचे खडक पोखरले आहेत, म्हणून रोप घेताना ते रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं आहे ना, एवढं नक्की विचारा.